हाताची कसुती म्हणून मशीनचे भरतकाम

आईच्या काळ्या इरकल साडीचे पोत अजून धड होते. पदराच्या दुमडीवर आणि काठालगत बोटभर रुंदीची कसुती (कर्नाटकातले पारंपरिक हाताचे भरतकाम) भरून घेतली, तर ती संक्रांतीला नेसता येईल, असे मला वाटले. एका प्रदर्शनात भेटलेल्या विक्रेत्या बाईंनी धारवाडकडच्या बायकांकडून हातानेच काम करून देण्याचे कबूल केले, तुळशीवृंदावन आणि गोपुराचे सुरेख नमुने दाखवले व ६,५०० रुपये आगाऊ घेतले. “ताई, हाताचं काम आहे, दोन महिने लागतील,” असे त्या म्हणाल्या. प्रत्यक्षात साडी बाराव्या दिवशी घरी आली. तेव्हाच शंका यायला हवी होती. मी मात्र काम लवकर झाले म्हणून खूश झाले.

फसवणूक उघड झाली ती साडीला इस्त्री करताना. कसुतीत कापडावर नक्षी छापत नाहीत. उभे-आडवे धागे मोजत सुई चालवतात आणि गाठ मारत नाहीत. त्यातला गवंती टाका म्हणजे जाऊन परत येणारा धावदोरा. तो आणि पायऱ्यांसारखा चालणारा मुरगी टाका कापडाच्या दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. माझ्या पदराच्या उलट्या बाजूला मात्र बॉबिनचा पांढरा दोरा सलग धावत होता, जागोजागी गाठी होत्या आणि नक्षीमागे चिकटवलेल्या कागदी अस्तराचे तुकडे तसेच राहिले होते. दाखवलेले नमुने बहुधा खरेच हातचे होते, पण ते मी एकदाही उलटून पाहिले नव्हते.

टाके उसवून पाहण्याचा मोह मला आवरला नाही आणि त्यात अधिक नुकसान झाले. हाताच्या भरतकामात सुई कापडाच्या धाग्यांच्या मधून जाते. मशीनच्या सुईने जुने, विरलेले धागे तोडले होते, त्यामुळे दोरा निघाला तिथे भोके उरली.

फोन केल्यावर बाईंनी आधी “हल्ली असंच करतात” म्हटले, मग फोन घेणेच बंद केले. पावती माझ्याकडे होती, पण तिच्यावर केवळ ‘एम्ब्रॉयडरी’ असे लिहिलेले होते. असे काम देणाऱ्यांनी नमुन्याची उलटी बाजू पाहावी, पावतीवर ‘हाताने भरलेली कसुती’ असे स्पष्ट लिहून घ्यावे आणि निम्म्याहून अधिक रक्कम काम उलटून पाहिल्यावरच द्यावी. जुनी साडी तर आधी कोणाच्या हाती देऊच नये. त्याच पोताच्या हातभर तुकड्यावर काम करून मागावे.