पोरासाठी पोहणं की चालणं?

वहिनी, 14 वर्षांच्या पोराला शिवाजी पार्कला चालायला धाडू की दादरच्या महापालिकेच्या तलावात घालू म्हणताय ना? खर्चात चालणंच भारी, बूट सोडले तर फुकट, पण वजन जास्त असलं की गुडघे बोलायला लागतात आणि पावसात खाडे होतातच. तलावात अंगाचा भार पाणी पेलतं, दमही वाढतो, पण फी आणि बॅचची वेळ आली, शिवाय या वयात चारचौघांत शर्ट काढायची लाज वाटते त्याचं काय, पूर्ण बाह्यांचा स्विमसूट चालतो का ते आधी विचारा. डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, या वयाच्या पोरांना रोज सरासरी 60 मिनिटं व्यायाम सांगते, त्यात आठवड्यातून निदान 3 दिवस हाडं-स्नायू मजबूत करणारा व्यायाम, आणि हाडांसाठी नुसतं पोहणं कमी पडतं. गुडघे दुखत असतील तर तलाव, क्लासच्या वेळांत अडकलेल्याला किंवा लाजाळू पोराला पार्क.