सिएरा ईव्ही येतेय: असं उभं चौकोनी डिझाईन ठेवायचं तर बॅटरी मोठीच द्यावी लागेल

पेट्रोल-डिझेलवाली टाटा सिएरा नोव्हेंबर २०२५ मध्ये ११.४९ लाखांपासून आली आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच विषय आहे, तो म्हणजे हिची ईव्ही. तसं बघितलं तर २०२० च्या ऑटो एक्स्पोत सिएरा पहिल्यांदा दिसली ती इलेक्ट्रिक कॉन्सेप्ट म्हणूनच, २०२३ मध्ये परत दिसली तेव्हाही इलेक्ट्रिकच, त्यामुळे आपल्याकडे पेट्रोल आधी आली तरी गाडीचा मूळ विचार ईव्हीचाच आहे असं मी धरून चाललोय.

दिसण्यात फार धक्के बसणार नाहीत. पुढची आडवी लांब डीआरएल (दिवसाही चालू राहणारी दिव्याची पट्टी) राहणार, आत जाणारे डोअर हँडल राहणार, आणि १९९१ च्या, पुण्यात बनलेल्या तीन दरवाजांच्या सिएराची जी छताकडे वळलेली मागची बाजूची काच होती तिची आठवण करून देणारा काळा भागही राहणारच, कारण लोक गाडीकडे वळून बघतात ते त्याच्यामुळे. बदल होतील ते पुढच्या काळ्या पॅनलच्या जागी बॉडी कलर, खालच्या बंपरला कमी जाळी आणि चपटी, हवा कापणारी अलॉय चाकं. हे शेवटचं नुसतं शोभेचं नाहीये, तिथंच खरा मुद्दा आहे.

सिएरा उंच आहे, उभी आहे, चौकोनी आहे. शहरात याने काही फरक पडत नाही, पण हायवेला १०० च्या स्पीडला निम्म्याहून जास्त ताकद नुसती हवा ढकलण्यात जाते आणि हवेचा हा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. टाटाच्याच कर्व्ह ईव्हीची मागे उतरती छत आहे, तिला ५५ किलोवॅट-अवर बॅटरीत कंपनीने २०२४ मध्ये लाँचला ५८५ किमीचा दावा केला होता आणि प्रत्यक्षात ४०० ते ४२५ मिळतील असं स्वतःच सांगितलं होतं. तीच बॅटरी सिएरात टाकली तर हायवेला आकडा कर्व्हच्या खालीच येणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पुणे-कोल्हापूर जाऊन-येऊन साधारण ४६० किमी होतात, मध्ये एक चार्जिंग ५५ मध्ये करावंच लागेल, ६५ किलोवॅट-अवरच्या मोठ्या बॅटरीतही लागेल पण तिथं चहा-नाश्त्यापुरतं थांबून काम होतं आणि मन शांत राहतं.

म्हणून माझा अंदाज असा की टाटा दोन बॅटऱ्या देणार, ५५ कर्व्हची आणि ६५ टाटाच्याच मोठ्या हॅरियर ईव्हीची. हॅरियरचीच दुसरी, ७५ ची बॅटरी देतील असं वाटत नाही, मग हॅरियर कोण घेणार! चार्जिंग मात्र हॅरियरचंच हवं, १२० किलोवॅटवर २० ते ८० टक्के २५ मिनिटांत, कर्व्हचं ७० किलोवॅटवालं इथं आणून बसवलं तर माझी घोर निराशा होईल.

दुसरी गोष्ट मोटरची. कर्व्ह ईव्हीला पुढची चाकं खेचतात, हॅरियर ईव्हीच्या एका मोटरच्या गाडीला मागची. सिएराला मागचीच द्या हो. पावसाळ्यात ताम्हिणीत किंवा खंबाटकीत ओल्या चढावर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) एकदम आला की पुढची चाकं फिरतात आणि स्टिअरिंग हलकं होतं, मागून ढकलणारी गाडी तिथं कितीतरी निवांत चढते. दोन मोटरची ४x४ नक्की येईल कारण सिएरा नावाला ती शोभते, पण हॅरियर ईव्हीत २०२५ च्या लाँचला ती फक्त २८.९९ लाखांच्या टॉपला दिली तसं इथं करू नये, मधल्या व्हेरियंटला द्यावी एवढीच कळकळीची विनंती.

आतमध्ये तीन स्क्रीन पेट्रोलमध्ये आहेतच, त्या येतील, स्टिअरिंगमागच्या पॅडलवरून रीजनच्या (ब्रेक लागताना बॅटरी परत भरण्याच्या) लेव्हल बदलायची सोय येईल (खंडाळ्याचा घाट उतरताना ही चीज काय आहे ते कळतं), व्ही-टू-एल, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर बाहेरची उपकरणं चालवायची सोय पण येईल. मला काळजी आहे ती मागच्या सीटची. पेट्रोल सिएरात मागे बसून बघितलंय, जागा मस्त आहे, पण खाली बॅटरी आली की तळ वर येतो, गुडघे उचलले जातात आणि मांड्यांना आधार राहत नाही, घरातली वयस्कर माणसं बसली की दोन तासांत कंबर धरतात. शोरूममध्ये गेलात तर स्क्रीन नंतर बघा, आधी मागे बसा.

किंमत काढणं त्यामानाने सोपंय. कर्व्ह ईव्ही १७.४९ ला आली, हॅरियर ईव्ही २१.४९ ला, समोर क्रेटा इलेक्ट्रिक १७.९९ आणि महिंद्राची बीई ६ १८.९० ला आल्या, मग सिएरा ईव्ही १७ ते १८ च्या दरम्यान सुरू होणार आणि ६५ वाली २० च्या आसपास. वर आपल्याकडे ऑगस्ट २०२५ पासून मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोल माफ आहे, रोज मुंबई-पुणे करणाऱ्याने तो हिशोब धरायलाच हवा.

६५ ची गाडी मागच्या मोटरसकट २० लाखांच्या आत आली तर मी पहिल्याच दिवशी बुकिंग करणार. आणि फक्त ५५ आली तर थोडे पैसे जोडून हॅरियर ईव्हीचं बेस मॉडेल घेईन, सिएराचा चेहरा कितीही आवडत असला तरी.