प्रभागाच्या श्रावणबाळाची मोफत अष्टविनायक यात्रा: बस छान, जेवण छान, शपथ नको

मागच्या श्रावणात (2025) आमच्या प्रभागातून ज्या मोफत देवदर्शन यात्रा निघाल्या त्यातल्या अष्टविनायकाच्या यात्रेला मी सासूबाईंच्या सोबतीला गेले होते, आता निवडणूक होऊन गेलीये त्यामुळे मोकळेपणाने लिहायला हरकत नाही. यात्रा काढणाऱ्या नेत्याचं नाव घेत नाही. पुण्यात राहणाऱ्यांना गरजही नाही, पक्ष कुठलाही टाका, पॅकेज तेच असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मतदान झालं थेट 15 जानेवारी 2026 ला, म्हणजे मधली जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, नुसते इच्छुक होते, आणि इच्छुकांना लोकांच्या डोळ्यासमोर राहायचं तर काय करणार, दहीहंडी, दिवाळीचं उटणं, खेळ पैठणीचा आणि सगळ्यात हिट म्हणजे देवदर्शन. आमचे भाऊ फ्लेक्सवर स्वतःला ‘प्रभागाचा श्रावणबाळ’ म्हणवून घेतात. श्रावणबाळाने आईवडिलांना खांद्यावर नेलं होतं आणि मतदार यादीतला भाग क्रमांक विचारला नव्हता, पण ते असो.

बुकिंग सोपं. जनसंपर्क कार्यालयात जाऊन फॉर्म भरायचा, फोटो, मोबाईल नंबर, मतदार ओळखपत्राची झेरॉक्स. आधारवर पत्ता प्रभागातला आहे पण मतदान गावाला आहे अशा एका मावशींना ‘वेटिंगवर ठेवतो’ म्हणाले, त्या अजून वेटिंगवर आहेत. माझं नाव यादीत आहे म्हणून मला सोबत येऊ दिलं, नाहीतर खरी बॅच पन्नाशीच्या पुढच्या बायकांची.

बसला पूर्ण मार्क. टू बाय टू, एसी चालू होता (चालू होता हे मुद्दाम लिहितेय), सीटा पुसलेल्या, आणि ड्रायव्हर इतका शांत की घाटातही कुणाला उलटी झाली नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बायकांच्या ट्रिपला जे कोणाच्याच लक्षात येत नाही ते यांच्या आलं होतं, दर दीड-दोन तासाला स्वच्छ टॉयलेटचा हॉल्ट, आधीच ठरवलेले पेट्रोल पंप आणि हॉटेलं. पैसे भरून गेलेल्या ट्रिपांमध्ये मी याच गोष्टीवरून भांडलेली आहे. कार्यकर्ती मुलगी प्रत्येकीला हात धरून उतरवत होती, गोळ्या घेतल्या का आजी विचारत होती, तिचं मनापासून कौतुक, तिला भाऊंनी किती पैसे दिले माहीत नाही पण कमीच दिले असणार.

जेवण पण चांगलं. सकाळी पोहे आणि चहा, दुपारी मसालेभात, बटाट्याची भाजी, मठ्ठा, जिलबी. सोमवार होता म्हणून उपवासवाल्यांना वेगळी साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याची आमटी, आणि ती खिचडी मोकळी होती, गिचका नव्हता. रात्री पिठलं-भाकरी-ठेचा. आई (म्हणजे सासूबाई) म्हणाल्या, ‘लग्नात सुद्धा एवढं विचारत नाहीत गं.’

दर्शन मात्र धावपळीचं. दोन दिवसांत आठही गणपती म्हणजे थेऊर, मोरगाव, सिद्धटेक, रांजणगाव एका दमात, ओझरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी लेण्याद्री आणि मग थेट रायगडात महड आणि पाली, कागदावर बसतं पण गुडघ्यांना बसत नाही. शास्त्राप्रमाणे मोरगावला सुरुवात करून पुन्हा मोरगावला शेवट करायचा असतो, त्याबद्दल विचारलं तर ‘काकू डिझेलचं बघा ना’. थेऊरला थोरल्या माधवरावांनी शेवटचे दिवस काढले, त्या जागी दोन मिनिटं उभं राहायचं होतं, शिट्टी वाजली. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या, डोली करायची तर स्वतःच्या पैशाने, मग निम्म्या बायकांनी खालूनच हात जोडले. एका ठिकाणी रांग मोडून आम्हाला बाजूच्या दाराने आत घेतलं, रांगेतल्या बायकांनी ज्या नजरेने पाहिलं त्यात माझं दर्शन झालंच नाही.

आता ब्रँडिंग. बसच्या दोन्ही बाजूंना भाऊ, गळ्यातल्या ओळखपत्रावर भाऊ, पिशवीवर भाऊ, पाण्याच्या बाटलीच्या लेबलवर भाऊ, लाडवाच्या बॉक्सवर एका कोपऱ्यात गणपती आणि उरलेल्या जागेत भाऊ. बसमध्ये आरत्यांच्या मध्ये भाऊंचं गाणं, तीच चाल सारखी सारखी, पालीला पोचेपर्यंत माझी सासू ते गुणगुणत होती. ड्रोनवाला मुलगा प्रत्येक देवळाबाहेर, ‘मावश्यांनो हात वर, गणपती बाप्पा मोरया म्हणा, परत एकदा, एनर्जी कमी आहे’. हे सगळं मी सहन केलं. फुकट आलोय तर जाहिरात बघायची, टीव्हीवर तेच करतो.

पण मुक्कामाच्या रात्री जे झालं त्यासाठी हा रिव्ह्यू लिहितेय. जेवणानंतर हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं, गणपतीची मूर्ती, समई, गुरुजी आणलेले. संकल्प सुरू झाला आणि गुरुजींनी गोत्र भाऊंचं घेतलं आणि पुढे ‘निवडणूक विजयप्राप्त्यर्थं’. पाणी सोडलं आम्ही, फळ भाऊंना. बरं, ते पण एक वेळ ठीक, देवाला कुणीही काहीही मागावं. मग आरती झाल्यावर प्रत्येकीच्या हातात नारळ आणि दुर्वा दिल्या आणि एका कार्यकर्त्याने माइकवर शपथ सांगितली, बाप्पाला साक्ष ठेवून आम्ही सांगतो की येत्या निवडणुकीत आमचं मत भाऊंनाच. व्हिडिओ चालू. म्हणायचं नाही असं कोणी बोललं नाही पण खाल्लेलं जेवण पोटात, परतीची बस त्यांची, आणि शेजारी रोज भेटणाऱ्या बायका, कोण गप्प बसणार? मी ओठ हलवले फक्त. आईंनी मोठ्याने म्हटली.

आपल्याकडे बेलभंडारा उचलून शब्द द्यायची रीत जुनी आहे, गावच्या निवडणुकीत अजून चालते, त्यामुळे यात नवीन काय असं काही जण म्हणतील. पण आमच्या शेजारच्या काकू घरी आल्यापासून खरंच बेचैन होत्या. त्यांना मत द्यायचं होतं दुसऱ्याला, ज्याने त्यांच्या गल्लीतलं ड्रेनेज स्वतः उभं राहून करून घेतलं होतं. मला म्हणाल्या, ‘मत गुप्त असतं ते माणसांपासून गं, गणपतीला तर दिसणारच ना.’ तुम्ही पाचशेची नोट दिली तर बाई नोट घेऊन दुसऱ्याला मत देते आणि रात्री शांत झोपते. शपथेचं तसं नाही, ती भाविक माणसालाच लागते, जिची श्रद्धा जास्त ती जास्त अडकते, आणि श्रद्धा नसलेला कार्यकर्ता मात्र पुढच्या महिन्यात दुसऱ्या भाऊंच्या बसवर.

माझा भाचा वकिली शिकतोय, त्याला विचारलं तर म्हणाला की हे कायद्यात चक्क लिहिलेलं आहे. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात 123 वं कलम, त्यात धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट मार्ग आहेच, पण मतदाराला दैवी कोपाची भीती घालणं हा सुद्धा आहे. तो कायदा आमदार-खासदारांच्या निवडणुकीचा, पण भारतीय न्याय संहितेच्या 171 कलमात पण दैवी कोपाची तीच गोष्ट आहे आणि ते महापालिकेलाही लागतं, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गंमत म्हणजे नुसतं खाऊपिऊ घालून मत मागितलं तर फक्त दंड. म्हणजे जिलबी स्वस्त आणि शपथ महाग, आपल्याकडे कायदा करणाऱ्यांना माणसं कळत होती म्हणायची. मुंबईत पार्ल्याच्या 1987 च्या पोटनिवडणुकीतल्या, धर्माच्या नावावर मत मागणाऱ्या भाषणांवरून डॉ. रमेश प्रभूंची आमदारकी गेली, सुप्रीम कोर्टाने 1995 ला ते कायम केलं आणि बाळासाहेब ठाकऱ्यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. पुढे 2017 ला सात न्यायाधीशांच्या बेंचने चार विरुद्ध तीन असा निकाल देऊन सांगितलं की उमेदवाराचाच नाही, मतदाराचा धर्म पुढे करूनही मत मागता येणार नाही. पण हे सगळं सिद्ध करायला कुणीतरी कोर्टात जावं लागतं, आणि आमच्या बसमधून कोण जाणार, यात्रा तर आचारसंहिता लागायच्या कितीतरी आधी उरकलेली.

शिवाय हे एका धर्माचं प्रकरण अजिबात नाही. आमच्याच बसवाल्याच्या गाड्या त्या महिन्यात अजमेरला पण गेल्या होत्या आणि नागपूरला दीक्षाभूमीला पण, ड्रायव्हरनेच सांगितलं. यादीचा भाग बघून देव ठरतो. राज्य सरकारनेही 2024 ला विधानसभेच्या आधी ज्येष्ठ नागरिकांसाठी मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना काढली, माणशी 30 हजारांपर्यंत, त्यामुळे भाऊंना तरी काय एकट्याला बोलायचं. तिथे निदान हातात नारळ देऊन वदवून घेत नाहीत.

आणि मग नोव्हेंबरात आरक्षणाची सोडत निघाली आणि भाऊंची जागा महिलांसाठी राखीव झाली! ग्रुपचा डीपी एका रात्रीत बदलला, भाऊंच्या जागी वहिनी, ज्या यात्रेत एकदाही दिसल्या नव्हत्या. फ्लेक्सवर वहिनी पुढे आणि भाऊ मागे नमस्कार करताना. वरून मेसेज, ‘ओझरला दिलेला शब्द लक्षात आहे ना’. काकू जिना चढून आमच्याकडे आल्या, चेहरा एकदम मोकळा. म्हणाल्या, ‘शपथ भाऊंची घेतली होती, वहिनींची नाही.’ आईंचं मत वेगळं, नवराबायको एकच. दोघींचा त्यावर मतदानाच्या दिवसापर्यंत वाद चालू होता, कुणी कुणाला दिलं ते मी विचारलं नाही.

रेटिंग द्यायचं तर बस आणि जेवण पाचपैकी साडेचार, दर्शन अडीच, मुक्कामाची रात्र शून्य. आता झेडपी, विधानसभा, काही ना काही येतच राहणार, बसा निघणारच. गुडघे चांगले असतील तर बिनधास्त जा, ओळखपत्राच्या झेरॉक्सवर ‘फक्त यात्रेसाठी’ असं लिहून सही करा, डोलीचे सुटे पैसे ठेवा, आणि रात्री हॉलमध्ये नारळ वाटायला लागले की बीपीची गोळी खोलीवर राहिली म्हणून उठा.