उंदराच्या रेटिनात रिसेप्टर शोधायचा: अँटिबॉडी की आरएनए प्रोब?

रिसेप्टर कोणती पेशी बनवते हे पाहायचंय, की तो पेशीच्या कुठल्या टोकाला बसतो हे? आधी एवढं ठरवा: पहिल्यासाठी आरएनए प्रोब (आरएनएला चिकटतो), दुसऱ्यासाठी अँटिबॉडी (प्रथिनाला चिकटते). ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाचा एमग्लूआर६ हा रिसेप्टर घ्या. त्याचा आरएनए मुख्यतः ऑन-बायपोलर (प्रकाश वाढल्यावर सक्रिय होणाऱ्या मधल्या) पेशींच्या धडात, म्हणजे आतल्या न्यूक्लियर थरात सापडतो. प्रथिन मात्र डेंड्राइटच्या (पेशीच्या फांद्यांच्या) टोकांवर, बाहेरच्या प्लेक्सिफॉर्म थरात. प्रोबचे ठिपके एका थरात आणि अँटिबॉडीचे दुसऱ्यात आले म्हणून प्रयोग फसला असं नाही.

अँटिबॉडीत खरी मेख फिक्सेशनची (ऊती रसायनाने जागच्या जागी पक्की करण्याची). कॉर्निया आणि भिंग काढून उरलेली डोळ्याची वाटी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये १५ ते ३० मिनिटंच ठेवा. रात्रभर राहिली तर सायनॅप्समधली (पेशींच्या जोडांमधली) दाट प्रथिनं एकमेकांत इतकी जखडतात की अँटिबॉडीला आत शिरताच येत नाही, आणि स्लाइड अंधारी निघते. पुढे ३० टक्के सुक्रोजमध्ये वाटी तळाशी जाईपर्यंत थांबा, ओसीटीत (गोठवण्याच्या जेलमध्ये) गोठवा, १२ ते १४ मायक्रोमीटरचे सेक्शन काढा. प्राथमिक अँटिबॉडी ४ अंशाला रात्रभर. जोडीला वेगळ्या प्राण्यात बनवलेली पीकेसी-अल्फा या प्रथिनाची अँटिबॉडी लावा: रॉड-बायपोलर पेशी उजळतात, आणि एमग्लूआर६चे ठिपके त्यांच्या डेंड्राइटच्या टोकांवर दिसायला हवेत. प्राथमिक अँटिबॉडी उंदरात बनवलेली असेल तर दुय्यम अँटिबॉडी ऊतीतल्या मूळच्या आयजीजीलाही (उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडींनाही) चिकटते. रक्तवाहिन्या चमकल्या की हेच समजा.

अँटिबॉडीत तिचं लक्ष्य असलेलं पेप्टाइड (प्रथिनाचा तुकडा) मिसळून चमक गेली, एवढ्यावर विसंबू नका. तोच एपिटोप (अँटिबॉडी धरते तो भाग) दुसऱ्या प्रथिनावर असला तरी चमक जाणारच. नॉकआउट (ते जनुकच काढून टाकलेल्या) उंदराचा रेटिना मिळाला तर तीच खरी कसोटी.

नॉकआउट नाही आणि भरवशाची अँटिबॉडीही नाही, तर सरळ आरएनएस्कोप, म्हणजे आरएनए प्रोबची तयार पद्धत. महाग पडतं, पण नेम जनुकाच्या क्रमावर असतो. इथे फिक्सेशन उलटं: ४ अंशाला २४ तास. प्रोब ४० अंशाला २ तास. त्याआधीच्या उकळत्या टप्प्यात रेटिना स्लाइडवरून सुटतो, म्हणून चार्ज्ड स्लाइड घ्या आणि ती आधी ६० अंशाला भाजा. डॅप-बी (जिवाणूचं जनुक, इथे काही दिसू नये) प्रोबवर ठिपके किंवा पीपीआयबीवर (सगळ्या पेशींत असणारं जनुक) काहीच नाही, असं झालं तर तो संच बाद.

ट्रिशियम-लिगँडची (रिसेप्टरला चिकटणाऱ्या किरणोत्सारी रेणूची) ऑटोरेडिओग्राफी रिसेप्टर किती आहेत ते सांगते, पण फिल्मला आठवडे लागतात आणि रेटिनाचे पातळ थर तीत नीट सुटे होत नाहीत.

दोन्ही पद्धती हव्या असतील तर एकाच उंदराचा एक डोळा २० मिनिटं फिक्स करा, दुसरा २४ तास. मधला वेळ निवडलात तर दोन्हीकडून हात धुवाल.