डीसी क्लॅम्प मीटर: गाडीची बॅटरी का बसते ते शोधायला घेतला, वर्षभर वापरून काय वाटलं

क्लॅम्प मीटर (वायर न काढता तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणारा) मागितला की इलेक्ट्रिकलच्या दुकानात बहुतेक वेळा एसीवालाच हातात ठेवतात. घरातल्या मोटरचा, गिझरचा करंट मोजायला तो उत्तम, पण गाडीच्या वायरला लावला तर शून्य दाखवत बसतो, कारण बॅटरीकडचा सगळा कारभार डीसीचा. खोक्यावर 'डीसी व्होल्ट' छापलंय म्हणून भुलू नका, तेवढं कुठलाही दाखवतो. डायलवर अँपिअरच्या खुणेशेजारी एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तरच तो आपल्या कामाचा.

माझ्या मीटरची सगळ्यात लहान रेंज २ अँपिअरची, त्यात एक मिलिअँपिअरपर्यंत आकडा दिसतो. वरची मर्यादा १०० अँपिअर. किंमत साडेतीन हजारांच्या घरात. लहान गाडीची ३५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) नवी बॅटरी घ्यायला यात थोडेच पैसे वर टाकावे लागतात. त्यामुळे हिशेब सोपा होता: एक बॅटरी विनाकारण बदलणं टळलं तरी मीटर वसूल.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, दहा वर्षं जुनी, मुक्काम नागपूर. रोज चालवली तर काही तक्रार नाही. तीन-चार दिवस उभी राहिली की मात्र सेल्फ मारल्यावर नुसतं कट-कट-कट. बॅटरीवाल्याने हातातला टेस्टर लावला, स्क्रीनवर 'रिप्लेस' आलं आणि "भाऊ, बॅटरी गेली" असा निकाल लागला. हे टेस्टर बॅटरीचा कंडक्टन्स (ती करंट किती सहज वाहू देते ते) मोजून तिच्या ताकदीचा अंदाज बांधतात. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर तो अंदाज भरवशाचा नसतो. आधी पूर्ण चार्ज करायची, काही तास तशीच ठेवायची, मग टेस्टर लावायचा. दुकानात एवढा वेळ कोण देणार? आणि नवी बॅटरी विकायलाच तर दुकान उघडलंय.

चार्जरवर रात्रभर ठेवून नंतर दिवसभर विसावल्यावर माझी बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती. आत सहा सेल, प्रत्येकी २.१ च्या हिशेबाने पूर्ण भरलेल्या बॅटरीचा हाच आकडा. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर हा आकडा फुगलेला असतो, त्यावर विश्वास ठेवू नका. दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा. सेल्फ मारतानाही व्होल्टेज १० च्या खाली जात नव्हतं. म्हणजे बॅटरी धडधाकट होती, गाडी बंद असताना कोणीतरी करंट खात होतं.

हे शोधायला क्लॅम्प मीटरला तोड नाही. साध्या मल्टिमीटरने मोजायचं तर बॅटरीची वायर काढून मीटर मध्ये जोडावा लागतो. तेवढ्यात कोणी चुकून सेल्फ मारला की मीटरचा फ्यूज उडतो. बाजारात दोन-तीनशे रुपयांत मिळणाऱ्या पिवळ्या डीटी-८३० मध्ये तर १० अँपिअरच्या भोकापाशी 'अनफ्यूज्ड' असंच छापलेलं असतं, म्हणजे उडायला फ्यूजसुद्धा नाही. क्लॅम्पला काहीच काढावं लागत नाही. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला जेवढ्या वायरी येतात, तेवढ्या सगळ्या जबड्यात घ्यायच्या, झालं.

गाडीला मात्र झोपू द्यावं लागतं. दारं बंद, बॉनेट उघडं. बॉनेटला स्विच असेल तर त्याच्या कुलपाची जीभ स्क्रू ड्रायव्हरने दाबून ठेवायची, म्हणजे गाडीला ते बंद वाटतं (नंतर बॉनेट लावण्याआधी जीभ परत मोकळी करायला विसरू नका). रिमोटने लॉक करायचं आणि किल्ली लांब नेऊन ठेवायची. लॉक केल्या केल्या तीन-चार अँपिअर दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. आतली मॉड्यूल्स (गाडीतले छोटे कंट्रोल युनिट) एकेक करून झोपतात, त्याला वीस मिनिटं ते पाऊण तास लागू शकतो. शेवटी ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा आला तर ठीक. माझ्याकडे तो ३२० वर येऊन थांबला. दिवसाला साडेसात एएचहून जास्त. तीन दिवसांत तेवीस एएच गेले तर ३५ च्या बॅटरीत सेल्फ फिरवायला उरणार काय?

कोण खातंय हे शोधायला फ्यूज उपटत बसण्याची पद्धत सगळीकडे चालते. मला ती पटत नाही. फ्यूज काढून परत लावला की झोपलेलं मॉड्यूल जागं होतं आणि पुन्हा अर्धा तास थांबा. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच ठेवायचा. त्याच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात, त्यांवर मीटरच्या पिना टेकवून मिलिव्होल्ट बघायचे. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजचा रोध साधारण साडेसात मिलिओम, म्हणजे एका मिलिव्होल्टला १३० मिलिअँपिअरच्या आसपास. ज्या फ्यूजमधून काही जात नाही तिथे शून्य. या कामाला तो पिवळा मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर चालतो. एकेका फ्यूजवर ०.०, ०.०, ०.१ करत करत रूम लॅम्प आणि म्यूझिक सिस्टिमच्या फ्यूजवर २.३ आलं. सीटखालच्या अॅम्प्लिफायरला हात लावला तर गाडी रात्रभर बंद असूनही तो कोमट. सिस्टिम बसवणाऱ्याने अॅम्प्लिफायर चालू-बंद करणारी निळी वायर कायम करंट असलेल्या पिवळ्या वायरलाच पिळून टाकली होती. ती जागेवर नेल्यावर क्लॅम्पवर १८ मिलिअँपिअर. बॅटरी अजून तीच आहे.

मीटर घरात आहे म्हटल्यावर सोसायटीतल्या गाड्याही येऊ लागल्या. मेहुण्याची गाडी डायनॅमो (आमच्याकडे अल्टरनेटरला सगळे डायनॅमोच म्हणतात) बदलायच्या बेतात होती. इंजिन चालू, हेडलाइट आणि एसी लावलेला, अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर १४.३ आणि बॅटरीवर १३.४. अल्टरनेटर बनवतोय, पण वाटेत जवळजवळ एक व्होल्ट गळतोय. एवढ्या वाटेवर ०.२ पर्यंत चालतं. इथे पिन कुठे टेकवता याला महत्त्व आहे. एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खांबावर, दुसरी त्यावर आवळलेल्या टर्मिनलवर. दोन्ही एकमेकांना चिकटलेले, तरी मध्ये ०.७ व्होल्ट! टर्मिनल काढलं तर आतल्या बाजूला पांढरी-हिरवी भुकटी. गरम पाणी, खायचा सोडा, पॉलिश पेपर आणि १० नंबरचा पाना एवढ्यावर काम झालं.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची गाडी अलीकडची. इंजिन चालू असताना बॅटरीवर १२.८ बघून मेकॅनिकने अल्टरनेटर बाद ठरवला होता. पण नव्या गाड्यांत चार्जिंग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरवतो. बॅटरी भरलेली असेल तर तो पेट्रोल वाचवायला व्होल्टेज खाली ठेवतो, ब्रेकवर किंवा उतारावर वाढवतो. निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर दिसला की हीच पद्धत समजा. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर लावल्यावर आकडा १४.२ वर गेला, अल्टरनेटरला काही झालेलं नव्हतं. जुन्या साध्या गाडीत मात्र १३.८ ते १४.७ सतत दिसायला हवं. १५ च्या वर जात असेल तर व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर गेलाय आणि बॅटरीतलं पाणी उकळतंय.

आता तक्रारी. शून्य स्थिर राहत नाही, मीटर जरा फिरवला तरी पाच-दहा मिलिअँपिअर सरकतं. आत चुंबकत्व ओळखणारा हॉल सेन्सर असतो, त्याला पृथ्वीचं चुंबकत्वही जाणवतं. त्यामुळे वायरजवळ, त्याच दिशेला धरून, जबडा रिकामा ठेवून दर वेळी झीरोचं बटण दाबावं लागतं. सेल्फ मारतानाचा करंट १०० अँपिअरच्या वर जातो, तो यात मावतच नाही. व्होल्टेजचा क्षणभराचा खड्डाही 'मिनिमम'मध्ये (सगळ्यात कमी आकडा धरून ठेवण्याच्या सोयीत) पूर्ण पकडला जात नाही, कारण आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो. सगळ्यात वैताग म्हणजे आपोआप बंद होणं. गाडी झोपायची वाट बघत बसावं, तर तिच्याआधी मीटर झोपतो. सिलेक्टचं बटण दाबून ठेवून चालू केला की ते थांबतं, पण हे माहितीपत्रकात शेवटच्या पानावर.

नागपूरच्या मे महिन्यात भाजलेली बॅटरी डिसेंबरच्या सकाळी बसते, तेव्हा लोक थंडीला दोष देतात. तीन-चार वर्षं झालेली, पूर्ण चार्ज करूनही दुसऱ्या दिवशी १२.३ वर येणारी बॅटरी खरंच गेलेली असते. तिच्यासाठी क्लॅम्प मीटर घेऊ नका, पिवळा पुरेसा आहे. उभ्या गाडीत बॅटरी उतरत असेल, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर किंवा बाहेरून बसवलेली म्यूझिक सिस्टिम असेल, तर हा घ्या. नसेल घ्यायचा तर तुमच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे डीसी क्लॅम्प आहे का, एवढं गाडी सोडण्याआधी विचारा.