साखळीतले एक किराणा दुकान आणि अडलेला घाट

गोव्यातील साखळी या गावच्या बाजारातील ज्या किराणा दुकानाविषयी मी लिहीत आहे, त्याचे नाव येथे देत नाही, कारण मालकांनीच तशी विनंती केली. ‘नाव वाचून चार गावचे लोक आले, तर घाट बंद असताना नेहमीच्या गिऱ्हाइकाला काय देऊ?’ असे ते म्हणाले. गेली सोळा वर्षे आमच्या घरचे सामान येथून येते. दुकान अरुंद आहे, आत दोन माणसे उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबावे लागते, आणि कांदा-बटाट्याचा भाव बाजारातील इतर दुकानांपेक्षा किलोमागे दोन-तीन रुपयांनी चढाच असतो. या दुकानाची पारख मी एकाच कसोटीवर करणार आहे: बाहेरून येणारा माल थांबतो, तेव्हा येथे फळीवर काय उरते?

गोव्यात हा प्रश्न दर पावसाळ्यात पडतो. आपली भाजी मोठ्या प्रमाणावर बेळगावहून येते. साखळीच्या बाजूला ती जांबोटी, चोर्ला घाट आणि केरी या वाटेने पहाटे उतरते. घाटात दरड कोसळली की गाड्यांना अनमोडचा वळसा घ्यावा लागतो, तोही अडला तर आंबोली किंवा थेट कारवारवरून गोव्याच्या दक्षिण सीमेवरचा पोळे येथील नाका गाठावा लागतो, आणि प्रत्येक वळशागणिक भाडे वाढते नि टोमॅटो मऊ पडतो. राज्य फलोत्पादन महामंडळाच्या विक्रीच्या गाड्यांवर सवलतीत भाजी मिळते, ही मोठी सोय आहे. परंतु त्या भाजीचाही बराच भाग बेळगावहूनच येत असल्याने घाट बंद झाला की तेथील क्रेटही रिकामे दिसतात.

ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली राहिला आणि गोव्यात दूध व भाजी दोन्हींची टंचाई झाली. त्या आठवड्यात या दुकानात टोमॅटो नव्हता, दूध नव्हते, पण कांदा होता, सुरण होते, आणि पायरीजवळच्या टोपलीत शेजारच्या सत्तरी तालुक्यातील गावांतून आलेली भेंडी व काकडी होती. हे कसे जमले, असे मी विचारले तेव्हा मालकांनी गल्ल्याखालून लाल पुठ्ठ्याची लांबट वही काढून दाखवली. तिच्यात प्रत्येक जिनसाला एक पान आहे. कांद्याच्या पानावर पहिले नाव बेळगावच्या अडत्याचे, दुसरे सावंतवाडीच्या व्यापाऱ्याचे, तिसरे हुबळीच्या एका गाडीवाल्याचे. प्रत्येक नावापुढे शेवटचा माल कधी उचलला त्याची तारीख आणि पैसे किती दिवसांत चुकते केले त्याचा आकडा. सावंतवाडीचा कांदा बेळगावच्या कांद्यापेक्षा महाग पडतो, तरीही महिन्यातून एकदा दोन कट्टे तेथून आणायचेच, असा त्यांचा नेम आहे. ‘बारा महिने त्याला विचारले नाही, तर अडचणीच्या दिवशी तो माझा फोन कशाला उचलील?’

किलोमागे जे दोन-तीन रुपये आपण जास्त मोजतो, ते या नेमाचे आहेत. भेंडी-काकडीचेही तेच. आजूबाजूच्या गावांतील चार-पाच बायका आपल्या मळ्यातील भाजी येथे आणून देतात, आणि बेळगावची भाजी निम्म्या भावात उतरलेली असते त्या दिवशीही मालक त्यांना परत पाठवत नाहीत. मला हा व्यवहार मान्य आहे. तक्रार एवढीच, की ते तो गिऱ्हाइकाला कधी समजावून सांगत नाहीत. विचारल्याशिवाय वही बाहेर येत नाही, आणि नवखा माणूस ‘महाग दुकान’ म्हणून समोरच्या दुकानात जातो.

मार्च 2020 मध्ये मात्र नुसत्या वहीने भागणार नव्हते. 22 मार्चच्या जनता कर्फ्यूनंतर गोव्यात सुरुवातीचे काही दिवस किराणा दुकानेदेखील बंद होती, आणि ती उघडली तेव्हा रांगा रस्त्यापर्यंत आल्या. एका मोठ्या घाऊक विक्रेत्याने तूरडाळ हवी असल्यास सोबत न खपणारी बिस्किटे घेण्याची अट आमच्या दुकानदारांना घातली, ती त्यांनी नाकारली आणि आठवडाभर तूरडाळीवाचून दुकान चालवले. त्याऐवजी अळसांदे (गोव्यातली चवळी) आणि वाल पुढे आले. मळ्यांतील वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामातली, भाजी तेव्हा काढणीला आली होती, आठवड्याचे बाजार बंद असल्याने ती विकायची कोठे हा त्या बायकांसमोर प्रश्न होता, आणि आमच्या पायरीवर तांबड्या भाजीच्या जुड्या, मिरच्या व लाल भोपळे रचलेले दिसू लागले. दारावरच्या फळ्यावर रोज सकाळी खडूने लिहिलेले असे: आज काय आले, कोठून आले, एका घराला किती मिळेल. घबराटीने दहा-दहा किलो साखर उचलणाऱ्यांची तोंडे त्या फळ्याने बंद केली.

याच दिवसांतली एक गोष्ट मला आवडली नव्हती आणि ती सांगितल्याशिवाय हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही. ‘एका घराला किती’ हे ठरवताना घर म्हणजे उधारीच्या वहीत नाव असलेले घर, असा अर्थ दुकानात धरला जात होता. मागच्या गल्लीत भाड्याच्या खोल्यांतून राहणारे परप्रांतीय कामगार रोज संध्याकाळी रोखीने पावशेर-अर्धा किलो घेणारे. त्यांचे नाव कोणत्याच वहीत नव्हते. त्यांतल्या एकाला साखर संपल्याचे सांगण्यात आले आणि पाचच मिनिटांत ती मला मिळाली. मी ती घेऊन घरी आलो, हेही लिहायला हवे. दुसऱ्या दिवशी मालकांच्या पत्नीशी, म्हणजे आमच्या वहिनींशी, मी या विषयावर बोललो. त्यांनी वाद घातला नाही. तिसऱ्या दिवसापासून अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पुड्या बांधून संध्याकाळसाठी वेगळ्या ठेवल्या जाऊ लागल्या. ही सोय आजही चालू आहे, परंतु ती कोणीतरी बोलल्यावर सुचली.

मे 2021 च्या मध्यावर आलेल्या तौक्ते चक्रीवादळाने दुकानाची दुसरी उणीव उघडी पाडली. वीज काही दिवस गेली, मोबाईलवरून पैसे देणे थांबले, तेव्हा उधारीच्या वहीने गिऱ्हाइकांना तारले; पण फ्रीजमधील लोणी, पनीर आणि दही वाया गेले. त्यांतले लोण्याचे एक पाकीट माझ्या घरी आले आणि उघडताच वास आला. पैसे मुकाट्याने परत मिळाले, तरी ते विकायला नको होते. जनरेटर घेणे परवडत नाही म्हणून आता जून ते सप्टेंबर पनीर ठेवतच नाहीत. हा उपाय दुकानदाराच्या सोयीचा आहे, गिऱ्हाइकाच्या नव्हे.

या दुकानाचा खरा बाज पाहायचा असेल, तर मेच्या शेवटच्या आठवड्यात जावे. त्या वेळी येथे पुरुमेंताचा माल भरलेला असतो. पावसाळ्याच्या बेगमीसाठी गोव्यात रूढ असलेला हा शब्द पोर्तुगीज अमदानीतून आलेला आहे, पण त्यामागची रीत कोकणातील कोणत्याही घराला ओळखीची वाटेल. उकड्या तांदळाचे कट्टे जमिनीपासून हातभर उंच लाकडी फळ्यांवर, त्यांच्यावर आमसुले आणि चिंचेचे गोळे, कोपऱ्यात मिठागरातील जाडे मीठ, आणि दोरीला टांगलेल्या मिरच्या. मालकांचे आजोबा नाकेबंदीच्या काळात, म्हणजे मुक्तीपूर्वी भारताच्या बाजूने माल येणे थांबले होते तेव्हा, हेच दुकान चालवत. हॉलंडहून बोटीने आलेला बटाटा त्यांनी विकला होता, असे घरात सांगतात. तीन पिढ्यांनी जमिनीपासून हातभर उंची सोडलेली नाही, आणि जुलै 2021 च्या पुरानंतर तर ती आणखी वीतभर वाढवली, जरी त्या वर्षी दुकानात पाणी शिरले नव्हते.

घरपोच सेवा नाही. बिल हाताने लिहिलेले असते आणि बेरीज एकदा तपासून घ्यावी. माझ्या अनुभवात चूक बहुधा गिऱ्हाइकाच्या फायद्याची असते. उधारी महिनाअखेरीस फेडणाऱ्यालाच मिळते. मैदा व रवा येथे घेऊ नये, त्यांची उलाढाल कमी असल्याने पावसात त्यांत किडे होतात. उकडे तांदूळ, आमसुले, मिरची आणि गावठी भाजी डोळे मिटून घ्यावी, भाजी मात्र सकाळी नऊच्या आत. दुपारी एक ते चार दुकान बंद असते. महापूर, टाळेबंदी आणि चक्रीवादळ या तिन्हींत ही वेळ बदललेली मी पाहिलेली नाही.