भूगोलाच्या फोटोंचे प्रिंट काढायचेत? एसटी स्टँडमागच्या स्टुडिओत जा

आमच्या शाळेत 14 जानेवारीला, भूगोल दिनाला, प्रवासात काढलेल्या फोटोंची स्पर्धा असते. फोटो स्वतः काढलेला हवा, प्रिंट 8 बाय 12 इंची आणि खाली त्या भूरूपाबद्दल चार ओळी. मी भूगोल शिकवते, म्हणून प्रिंट आणायचं काम माझ्याकडेच असतं. यंदा ते एसटी स्टँडमागच्या जुन्या स्टुडिओत दिलं आणि फार समाधान झालं.

गेल्या वर्षी एका ऑनलाइन सेवेकडून प्रिंट मागवले होते. मोबाइलचा फोटो बहुतेक 4:3 प्रमाणात असतो, 8 बाय 12 चा कागद मात्र 3:2. त्यांनी न विचारता वरखाली कापून टाकलं. एका मुलाच्या हरिहरेश्वरच्या फोटोत लाटांनी झिजवलेला खडकाचा सपाट मंच होता, तोच निम्मा गेला. बिचाऱ्याने चार ओळी नेमक्या त्याच्यावरच लिहिल्या होत्या. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

स्टुडिओतल्या काकांचा पहिला प्रश्न होता, “मॅडम, यात दाखवायचंय काय?” निघोजच्या रांजणखळग्यांचा फोटो समोर होता. कुकडीच्या पात्रात, प्रवाहाबरोबर गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी बेसाल्टमध्ये कोरलेले ते खोल खळगे. काठावर पाण्याची बाटली ठेवलेली. ती काढून टाकू का, असं त्यांनी विचारलं. खळगा केवढा आहे ते त्या बाटलीवरूनच कळतं, असं सांगितल्यावर त्यांनी ती ठेवली आणि दोन बाजूंना पांढरी पट्टी सोडून अख्खा फोटो बसवला.

खरी कमाल रंगांची. मशीनच्या आपोआप दुरुस्तीत काळा कातळ राखाडी झाला होता. काकांनी ती दुरुस्ती बंद केली, आधी एक छोटी प्रिंट काढली, मोबाइलशेजारी धरून पाहिली आणि मग मोठी काढली. खळग्याच्या आतल्या भिंतीवरचे गोल घासल्याचे वळसे आता स्पष्ट दिसतात. पोरांना वर्गात हेच तर दाखवायचं असतं!

व्हॉट्सअ‍ॅपवरून साधे पाठवलेले फोटो त्यांनी सरळ परत केले. 12 इंचांना 300 डीपीआयने, म्हणजे दर इंचाला 300 ठिपके धरून, 3600 पिक्सेल लागतात. 12 मेगापिक्सेलच्या मूळ फोटोत ते असतात, दाबून लहान केलेल्यात नसतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर चालतात. लोणारचं सरोवर अख्खं यावं म्हणून एकीने पॅनोरामा काढला होता. या मापात त्याची नुसती बारीक पट्टी होईल, हे काकांनी पैसे घेण्याआधीच सांगितलं. मग तिने विवराच्या काठाच्या उताराचा फोटो दिला, तो जास्त बोलका आहे. कागद मॅट घ्या, हाही सल्ला त्यांचाच. आमच्या हॉलच्या ट्यूबलाइटखाली ग्लॉसी कागद चकाकतो.

दर ऑनलाइनपेक्षा जास्त आहे. सनबोर्डवर, म्हणजे हलक्या फोमच्या ताठ बोर्डावर, चिकटवून मिळत नाही, ते दुसरीकडे करून घ्यावं लागतं. लग्नसराईत दोन-तीन दिवस थांबायची तयारी ठेवा. शक्यतो सकाळी जा, तेव्हा काकांना निवांत बसून फोटो पाहायला वेळ असतो. आणि मूळ फोटो पेनड्राइव्हवर न्या.